सोमवारची तोंडतपासणी

सोमवार, २ डिसेंबर १९७४
कारखान्यात आजपासून माझी स्कीम सुरू. तंबाखू सोडणाऱ्या कामगाराला महिना दहा रुपये. दर सोमवारी गेटवर तोंड तपासायचं, तेही मी, लेबर ऑफिसरने जातीने. आठ जणांची एक टोळी. एकाच्या तोंडात डाग सापडला किंवा दवाखान्यातून तसं कळलं, तर आठही जणांचं बक्षीस रद्द. हे कलम खास माझं. म्हणजे एकमेकांवर वचक राहतो.
मीही सोडली. चंची कपाटात, किल्ली हिच्याकडे.

९ डिसेंबर
शंभर टक्के यश! बॉयलरवरच्या धोंडिरामचं तोंड दोनच बोटं उघडलं. म्हणाला, दाढ दुखती, सायेब. आत अंधार, डाग काही दिसला नाही. पास.
दुपारी शिपायाकडून एकच चिमूट घेतली. तपासणाऱ्याला वास ओळखता यायला हवा.

१४ जानेवारी १९७५, संक्रांत
धोंडिरामने तिळगूळ खिशात टाकला. हल्ली भाकरीही आणत नाही, नुसतं ताक पितो. बोलतोही मानेनेच. साखर कारखान्यात राहून साखर वर्ज्य, काय हा संयम! भाषणात त्याचं नाव घेतलं. त्याच्या टोळीतल्या कुणी टाळी वाजवली नाही. पोटात दुखतं लोकांच्या.

१० फेब्रुवारी
त्याची बायको अंबूबाई ऑफिसात आली. म्हणाली, सायेब, तुमीच त्यास्नी दवाखान्यात धाडा, उशी रक्तानं भरतीया. माझं ऐकत न्हाईत, सात घरांच्या पोरांच्या तोंडचं काढू व्हय म्हणत्यात.
व्यसन सुटताना शरीर कुरकुर करतंच, असं समजावलं. २६ तारखेला सत्काराला चेअरमन येणार, तोवर कळ काढायला सांगितलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. गालात तंबाखू होती, म्हणून जास्त बोलता आलं नाही.

२६ फेब्रुवारी
समारंभ झकास. चेअरमनांनी पाठ थोपटली. धोंडिराम नव्हता, परवा मिरजेला नेलाय. घशापर्यंत पसरलंय, आता कापूनही उपयोग नाही म्हणतात. त्याचा हार वाया जाऊ नये म्हणून मी घातला.

सोमवार, ३ मार्च
धोंडिराम काल गेला. नियम दोनदा वाचून काढले. नियमांत चूक नाही.
सकाळी गेटवर त्याच्या टोळीतले सातही जण आले. बक्षिसाची पाकिटं माझ्यासमोर ठेवली, चंच्या काढल्या, तिथंच उभ्याने तंबाखू मळली. एकाने चिमूट माझ्यापुढे धरली. मी घेतली. कुणी हसलं नाही.

रात्री आमटी झोंबली. आठवडाभर झोंबतेय. आरशात डावा गाल ताणून पाहिला. पांढरं आहे, नखाएवढं.
हिने विचारलं, जेवत का नाही? म्हटलं, दाढ दुखतेय.