दुपारी चारची मेणबत्ती

४ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेली जाडजूड कादंबरी काल संपवली. तुझी आई मध्येच डोकावून गेली. तिला वाटलं, मी शाळेचे संस्कृतचे पेपर तपासतोय; हातात पेन्सिल होती आणि चेहरा पडलेला होता.

अन्वय असा लागला: टेकडीवरचं जुनं कॉलेज, पाच अतिहुशार मुलं, मधाळ आवाजाचे एक सर, आता कोणी बोलत नाही अशी भाषा, लांब कोट आणि एकशे बाराव्या पानावर मुडदा. साडेचारशे पानांत एकही जण कपडे धूत नाही. मीही सत्तावीस वर्षं तसलीच भाषा शिकवतोय, पण माझ्या वर्गात अजून खून पडलेला नाही. मागच्या बाकावर घोरतात, तेवढंच.

तरी पुस्तक खाली ठेववलं नाही, हे कबूल. एका ओळीच्या अर्थापायी त्या मुलांचं जेवणावरून मन उडतं. शिकणं ही जिवाची बाब आहे असं मानणारं कोणी भेटावं म्हणून विसाव्या वर्षी मीही झुरलो होतो. भेटले ते पाठांतर घेणारे मास्तर.

आता जाब. तुझ्या मागच्या पत्रात ‘मी’ दोनदा आणि ‘आम्ही’ एकोणीस वेळा आहे. मोजायची खोड आहे, राग मानू नकोस. पण हे ‘आम्ही’ कोण, ते सविस्तर कळव.

लोभ करतेसच, त्यात काटकसर नको.
तुझा मामा

११ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

आम्ही म्हणजे पाच जण. दर गुरुवारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर सरांच्या खोलीत जमतो. बाकीचे प्राध्यापक नोट्स सांगतात. सर एक ओळ वाचतात आणि थांबतात. माझ्या उत्तरासाठी आजवर कोणी थांबलं नव्हतं, मामा. तू हसशील, पण त्या कादंबऱ्यांमधलं मला हेच आवडतं. खून नाही, ते थांबणं. आणि थोडे कोटही.

पुढल्या गुरुवारी सर परगावी आहेत, म्हणून आमचा एक बेत आहे. ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात एक जुनं हस्तलिखित आहे. मी लेबलं चिकटवायला मदत करते, म्हणून ग्रंथालयातल्या बाई मला किल्ली देतील. ते हस्तलिखित आम्ही पडदे ओढून मेणबत्तीच्या उजेडात वाचणार, अगदी पुस्तकातल्यासारखं. आईला सांगू नकोस. ती पाण्याच्या बादल्या घेऊन येईल.

तुझे आशीर्वाद असू देत.
तुझी टिटवी

२५ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुपारी चारला, विजेचे दिवे शाबूत असताना मेणबत्ती कशाला, हे विचारायचं राहून गेलं. तू दोन आठवडे गप्प आहेस. तुझी आई म्हणते, अभ्यास असेल. तुझ्या जन्मापासून मी तुला गप्प पाहिलेलं नाही. दोन ओळी टाक, खोट्या चालणार नाहीत.

मामा

२९ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खरं तेच लिहिते.

मेणबत्ती मी धरली होती. आमच्यातला लंबू पान उलटत होता, अक्षर दिसावं म्हणून मी वाकले. मेण सांडलं, पानाची कड पेटली. हातानं विझवली, पण तीन ओळी गेल्या. हस्तलिखित कपाटात परत ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी बाईंना ते दिसलं. मी ओळखीची, म्हणून त्यांनी किल्ली वहीत न नोंदवताच दिली होती. आता किल्ली त्यांचीच, म्हणून दोषही त्यांचाच. त्यांना घरी बसवलंय. येत्या सोमवारी चौकशी आहे. नोकरी जाईल, असं सगळे म्हणतात. गंमत म्हणजे त्यांनी अजून माझं नाव घेतलेलं नाही.

लंबूनं आम्हाला जमवून शांतपणे सांगितलं की पाचही जण गप्प राहिले तर काहीच सिद्ध होत नाही. सगळ्यांनी मान हलवली. मीही. आणि मामा, तेव्हा मला बरं वाटलं. आपण पाच जण आणि एक गुपित. ते बरं वाटलेलं आठवलं की आता स्वतःचीच लाज वाटते.

सर पुढच्या वर्षी संशोधनाला एकच विद्यार्थी घेणार आहेत. ती मी, असं त्यांनी जवळजवळ सांगितलंय. बोलले तर ते गेलं. काय करू?

टिटवी

१ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कादंबरी पुन्हा काढली. पहिल्या वाचनात निसटलेलं आता दिसलं. गोष्ट सांगणारा तो मुलगा उतारवयात सगळं तपशिलानं सांगतो, ओघवतं सांगतो, आपण डोळे पुसतो. पण साडेचारशे पानं का लागली? एका पानाचा कबुलीचा अर्ज त्यानं वेळेवर लिहिला नाही म्हणून.

मी कॉलेजात असताना एका मित्रावर कॉपीचा आळ आला होता. चिठ्ठी कोणाची, ते मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. त्यावर काही कादंबरी झाली नाही. त्याचं दुकान ज्या गल्लीत आहे त्या गल्लीनं मी जात नाही, इतकंच. भाजी आणायला तीस वर्षं वळसा पडतोय.

तेव्हा सोमवारच्या आधी अर्ज लिही. तुझ्या हातून झालं तेवढंच लिही. बाकीच्या चौघांना आपापली पेनं आहेत. विशेषणं नकोत, अश्रू नकोत, खोलीत किती सुंदर अंधार होता हे तर मुळीच नको. ओळीपाशी थांबणारे सर पुन्हा भेटतील. नाहीच भेटले तर मी आहे, घोरणाऱ्यांसकट.

तुझ्या आईला मी सांगतो. अवघड भाग माझ्याकडे आला आहे, याची नोंद घ्यावी.

पाठीशी आहे, हे धरून चाल.
मामा

७ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

अर्ज दिला. अर्धं पानच भरलं. शनिवारी लंबूला आधी सांगितलं. तो म्हणाला की मी सगळ्यांचा घात करतेय. मी म्हटलं की तुझं नाव त्यात नाही, हवं तर तू घाल. त्यानं घातलेलं नाही.

जुन्या हस्तलिखितांचं कपाट मला दोन वर्षं बंद. सर जिन्यात भेटले, घड्याळ बघितलं आणि पुढे गेले. थांबले नाहीत. संशोधनाचं काय झालं ते त्यातच कळलं. खोलीवर येऊन खूप रडले, मग साठलेले कपडे धुतले.

बाई काल कामावर रुजू झाल्या. भेटायला गेले. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, पण ठीक आहे असं काही म्हणाल्या नाहीत. समोर किल्ल्यांची नवी वही होती. त्यात काहीतरी लिहू लागल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या की किल्ली यापुढे मिळणार नाही, पण पाचशे लेबलं पडून आहेत. गुरुवारी चार वाजता ये, दिवा मी लावून ठेवीन.

उद्या गुरुवार. जातेय.

आईचा राग उतरला की कळव, आणि तोवर तुझा लोभ दुप्पट असू दे.
तुझी टिटवी

ता. क. त्या दुकानाच्या गल्लीतही भाजी मिळत असेल.