साक्षगंधातला ट्रायपॉड

अमरावती,
मंगळवार

प्रिय नितेश,

‘बोलत का नाहीस?’ हा तुझा मेसेज आज पुन्हा आला. बोलत नाही, कारण फोनवर माझं एक वाक्य पुरं होईतो तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं, मागे पातेली खणखणतात आणि तू ‘बघू ना आपण’ म्हणून फोन ठेवतोस. याला मी इतकी विटले आहे की शेवटी कागद घेऊन बसले. आपल्या वयाच्या मुली होणाऱ्या नवऱ्याला पत्रं लिहीत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खुशाली. वरूडला संत्र्याची तोड सुरू झाली. बाबा आणि बंडू दिवसभर बगिच्यात असतात आणि आई रोज फोन करून विचारते, ‘बस्त्याले कवा येऊन राहिली तू?’ मी रोज नवीन थाप मारते. तुमच्याकडून साक्षगंधात आलेला ट्रायपॉड माझ्या खोलीत दाराआड उभा आहे. त्याच्यावर मी ओढण्या वाळत घालते. ओढण्या छान वाळतात.

ट्रायपॉडचं नाव काढलं की तुला वाटतं, झालं हिचं सुरू. हो, झालं सुरू. साक्षगंधाला काय हवं, असं तूच विचारलं होतंस. साडी नको, अंगठी साधी चालेल, पण कॅमेऱ्यासाठी कार्बन फायबरचा एक चांगला, हलका ट्रायपॉड दे, असं मी सांगितलं, तेव्हा तू केवढा खूश झालास! सगळ्या मित्रांना सांगत सुटलास की माझी बायको जगावेगळी आहे. जगावेगळं काही नव्हतं रे त्यात. माझा जुना ॲल्युमिनियमचा स्टँड एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून घेतलेला. हॉलमध्ये तो छान उभा राहतो, पण त्याला गाविलगडावर न्यायचं म्हणजे एखाद्या आडदांड पाहुण्याला पाठुंगळीला घ्यायचं. थंडीत त्याचे पाय हाताला चावतात. मागच्या हिवाळ्यात निम्म्या वाटेवर माझ्या खांद्यातून अशी कळ आली की मी खालीच बसले. दरीतून धुकं वर येत होतं. मी ते नुसतं बघितलं. वर पोहोचले तोवर ऊन पडलं होतं आणि धुक्याचा मागमूस नव्हता.

त्यानंतर मला गाविलगडाच्या वर्षभराच्या फोटोंचं काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला लग्नाचे सोडून दुसरे फोटो मागितले. दर महिन्याला चढायचं, पाऊस असो की धुकं. म्हणून तो ट्रायपॉड हवा होता, हौस म्हणून नव्हे.

आणि तो निवडताना माझा जो जीव गेला, तो तू पाहिला आहेस. यूट्यूबवरचा एक जण म्हणतो, चार भागांचे पाय घ्या, घडी लहान होते. दुसरा म्हणतो, चौथा भाग काडीसारखा बारीक असतो, लांब लेन्स लावली की कापतो. कोणी म्हणतो मधला दांडा हवाच, कोणी म्हणतो त्याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. फिरवायचं लॉक घ्यावं, तर आपल्या काळ्या मातीचा चिखल आत शिरला की ते घरघर करून अडकतं, आणि हे तिकडच्या वाळूत फिरणाऱ्या गोऱ्या माणसांना कोण सांगणार? बंडू तर हात जोडून म्हणाला, ‘ताई, संत्र्याच्या फांद्याइले टेकू द्याचे बांबू पडले हायेत बगिच्यात. तीन बांधून देतो, पन हे व्हिडिओ बंद कर माय.’ शेवटी अमरावतीच्या त्या दुकानात आपण दोघांनी मिळून एक पक्का केला. तू तो दोन बोटांनी उचलून दाखवलास. दुकानदाराला म्हणालास, बांधून ठेवा, मी येऊन नेतो.

तुला एक सांगू? मी तुला हो कशामुळे म्हटलं, ते मी कधी बोलले नाही. तुम्ही वरूडला मला पाहायला आलात, तेव्हा पोहे खाताना सगळ्यांनी भिंतीवरचा माझा धुक्याचा फोटो पाहिला. तुझे वामनकाका म्हणाले, कॅमेरा भारी असेल. तुझ्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो ना? तू एकट्यानंच विचारलंस, ‘यासाठी किती वेळ उभी होतीस?’ त्या एका प्रश्नावर मी भाळले. आधी तीन स्थळं आली होती, त्यांच्यापैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

नंतर माझी मैत्रीण रागिणी हिला सोबत घेऊन आपण चिखलदऱ्याला गेलो, तेव्हाही तसंच. रागिणीचा कार्बनचा ट्रायपॉड तू शीळ घालत वर नेलास. वर वारा सुटला आणि तो थरथरायला लागला, तेव्हा तू घाबरून मला विचारलंस, एवढा हलका घेऊन काय फायदा? मी तुला त्याच्या मधल्या दांड्याखालचा हूक दाखवला आणि तू तुझीच बॅग त्याला अडकवलीस. ट्रायपॉड गप्प उभा राहिला. ‘म्हणजे वजन लागतं, पण ते वर आल्यावर लावायचं,’ असं तूच म्हणालास. मला शिकवावं लागलं नाही. मला वाटलं, चला, आपलं जमणार.

मग साक्षगंध आलं. मंडप भरलेला, दोन्हीकडची माणसं बसलेली, ओटीच्या सामानाशेजारी तो लांब खोका. मी हरखून खोका उघडला आणि आतून निघालं हे धूड. माझ्या जुन्या स्टँडपेक्षाही जड! तुझ्या कौशल्याआत्यांनी उचलून पाहिलं आणि त्या ओरडल्या, ‘माय वो, केवढं वजन हाय हे!’ मग ते हातोहात फिरलं. तुमच्याकडे आहेराचं पातेलं असंच फिरतं, प्रत्येकानं उचलून पाहिल्याशिवाय आहेर पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुझे बाबा अभिमानानं सांगत होते, ‘पोट्ट्यानं पसंत केलेलं तं नुसत्या काड्या होत्या. सूनबाईले असं पोचट सामान द्याचं का? बदलून आनलं मी.’

त्यांच्यावर माझा राग नाही, हे आधी लक्षात घे. भगवंतरावांनी जन्मभर जुन्या शहरातल्या त्या दुकानात भांडी काट्यावर घालून विकली. दोन पातेली सारखी दिसली की जड असेल ते खरं, हे त्यांना बापानं शिकवलं आणि त्या धंद्यात ते बरोबरच आहे. माझा मान राखायला तो माणूस अकोल्याहून अमरावतीला आला. त्यांना कोणी सांगितलंच नाही, तर त्यांना कसं कळणार? सांगायला एकच माणूस होता. तो माझ्या शेजारी नवा कुर्ता घालून बसला होता आणि हसत होता. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू फोटोग्राफरकडे पाहिलंस.

त्या दिवशी एवढ्या माणसांत तू बापाला कसा बोलशील, अशी मीच माझी समजूत घातली. नंतर फोन केला तर तू म्हणालास, ‘जाऊ दे ना, चालवून घे.’ आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, ‘इतकुशा गोष्टीसाठी कोनी लगन मोडते का पोरी?’ मी कुठं मोडायचं म्हटलं होतं? पण तिनंच तो शब्द काढला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. सगळ्यांच्या मते गोष्ट इतकुशी आहे. मग इतकुशी गोष्ट बदलून देताना सगळ्यांचे हात का दुखतात, हे मला कोणी सांगत नाही. असा वैताग आला आहे नितेश, की ओढणी काढताना त्या स्टँडला रोज एक लाथ बसते. लागतं मलाच.

शेवटी गेल्या आठवड्यात मीच खोका घेऊन त्या दुकानात गेले. हा परत घ्या, आमचा पसंत केलेला द्या, वरचे पैसे मी भरते. दुकानदार बिचारा भला माणूस. म्हणाला, ‘ताई, तो तं विकला गेला. आन् तुमच्याच घरून बदलून नेला ना? जावईबापू सोबत होते. मी म्हटलं त्याइले, ताईले डोंगरावर न्याचा हाय, जड पडीन. तं ते म्हने, नाही, आता घरीच वापराचा हाय. दुकानातल्या भांड्यांचे फोटो काढाले हाच बेस्ट.’

मी खोका उचलून बाहेर आले. स्कूटीवर ठेवला, पण गाडी सुरू करायचं सुचेना. खरं सांगायचं तर दुकानदार चुकला नव्हता आणि तूही नाही. भांड्यांचे फोटो काढायला हा स्टँड खरोखरच उत्तम आहे. टेबलासमोर एकदा उभा केला की वर्षभर हलवायला नको. तू अगदी विचार करून, मी लग्नानंतर जिथं असणार आहे तिथं चालेल असाच आणलास. फक्त मी तिथं असणार आहे, हे तू तुझ्या बाबांना सांगितलंस, दुकानदाराला सांगितलंस आणि मला सांगायचं राहिलं. आणि तरी तू मला आवडतोस, हाच तर सगळा वैताग आहे. आवडत नसतास तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

तर पत्र लिहायचं कारण असं. पत्रिका सोमवारी छापायला टाकणार, असं तुझ्या बाबांनी काल बाबांना कळवलं. त्याआधी, रविवारी सकाळी, तू परतवाड्याच्या बसस्टँडवर ये. हे धूड मी तिथपर्यंत आणीन. तिथून पुढे ते तुझ्या खांद्यावर आणि कॅमेरा माझ्याकडे. आपण गाविलगडावर जाऊ. वाटेत दम लागला तर बस, मी थांबेन, घाई करणार नाही. वर पोहोचलास की तिथं उभं राहून, माझ्याकडे बघून सांग की आता घरीच वापरायचा आहे. सांगू शकलास तर तुझी अंगठी मी तिथंच काढून देईन आणि भांडणार नाही. नाही सांगता आलं, तर तसेच खाली उतरून अकोल्याला जाऊ आणि तुझ्या बाबांशी तू बोलशील, मी नाही. दुकानात कळलं ते घरी मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी तू बसस्टँडवर दिसला नाहीस, तर पत्रिका थांबवा म्हणून वरूडला पहिला फोन मी करीन, तुला करणार नाही.

अजून तरी तुझीच,
वर्षाली