नऊ नंबरची जागा

उचगाव

तीर्थरूप झुंबरमावशीस,

अनुजाचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि आपली म्हैस या दोहोंची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करते (आपण फोनवर सांगता त्या क्रमाने लिहायचे, तर म्हैस आधी यायला हवी होती). गेल्या शनिवारी मी बाबांना कोल्हापुरात चित्रपट दाखवला. एवढेच कळवण्यासाठी हे पत्र.

चित्रपट एका विधुर पोस्टमास्तरांचा होता. उतारवयात त्यांना पुन्हा कोणी आवडू लागते. तो निवडण्यामागे माझा हेतू होता, हे कबूल करते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संयोगिताबाईंचे फॉल-पिकोचे दुकान आहे (यजमान नऊ वर्षांपूर्वी वारले, बोलणे कमी, टाका बारीक). माझ्या साड्या चार. बाबांनी त्यांना वर्षभरात सहा वेळा फॉल लावून आणले. एसटीत तीस वर्षे कंडक्टर राहिलेला माणूस रिकाम्या फेऱ्या मारत नाही, एवढे मला कळते. शिवाय जूनमध्ये मी नोकरीला साताऱ्यास जाईन. मग घरात बाबांशी बोलायला रेडिओच उरेल. म्हणून मी तिकिटे तीन काढली, बाबांना दोनच सांगितली आणि नऊ नंबरचे संयोगिताबाईंना दिले. (अशी कारस्थाने मी आजवर कादंबऱ्यांतच वाचली होती. तिथे नायिकेच्या तळहातांना घाम येत नाही.)

मी सात नंबरवर, बाबा आठवर. बसताक्षणी बाबांनी खिशातला रुमाल काढून नऊ नंबरवर टाकला. नंबर घातलेल्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरणारे ते त्या चित्रपटगृहातले एकमेव गृहस्थ असावेत. आई निघता निघता गॅस बंद आहे का पाहायला हमखास मागे फिरे आणि बाबा तिची जागा धरून ठेवत, हे आपणास ठाऊकच आहे. तिला जाऊन सहा वर्षे झाली, तरी ते एसटीत, लग्नात, अगदी दवाखान्यातसुद्धा शेजारी रुमाल टाकतात. माझ्या कारस्थानात या रुमालाचा विचारच झाला नव्हता.

संयोगिताबाई आल्या, तिकीट पाहून म्हणाल्या, "गणपतराव, हे नऊच न्हवं?" त्यांना पाहून बाबा इतके गडबडले, की सवयीचेच वाक्य तोंडातून गेले. "जागा धरल्याली हाय." "कुणाची?" यावर बाबा रुमालाची टोके सारखी करू लागले. त्या दहा नंबरवर जाऊन बसल्या. मी चप्पल शोधण्याच्या निमित्ताने खुर्चीखाली गेले, ती पडद्यावरची नावे संपेपर्यंत वर आले नाही.

पुढे सारे लोक हसत होते आणि बाबा रडत होते. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, पिक्चर इनोदी हाय की! चुकून दुसऱ्या पडद्याला आलाय का काय?" मध्यंतरानंतर दहा नंबरचा खरा मालक मक्याच्या लाह्या सांभाळत उगवला (अर्धा चित्रपट त्याने कुठे काढला, कळले नाही) आणि म्हणाला, "उठा की काकू, माझी खुर्ची हाय." संयोगिताबाई उभ्या राहिल्या. मागून "बसा खाली, बसा!" असा गलका सुरू झाला. बाबांनी नऊ नंबरकडे बराच वेळ पाहिले. मग रुमाल उचलला, त्यानेच खुर्ची दोनदा झटकली आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "बसा. गाडी सुटायची येळ झाली."

उरलेला चित्रपट मी पाहिलाच नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिले नाही. हसले मात्र एकाच वेळी.

परतताना, जिथे म्हशी समोरच पिळून देतात त्या दुधाच्या कट्ट्यावर बाबा धारोष्ण दुधाचे तीन पेले प्याले. चौथ्याच्या आधी मी धीर करून संयोगिताबाईंविषयी विचारले. म्हणाले, "अक्कास्नी इचारल्याबिगर न्हाय. त्यांनी आपली धाकटी भन माझ्या पदरात घातल्ती." आणि विचारायचा धीर त्यांना होत नाही.

आपली आज्ञाधारक भाची,
अनुजा

ता. क. चित्रपट चांगला आहे. अवश्य पाहावा.

ता. क. २. पत्र चित्रपटासाठी नाही, हे आपण ओळखले असेलच. आपला होकार हवा आहे. उत्तर पत्राने नको, बाबांना फोन करावा. मी आपणास लिहिते आहे हे कळल्यापासून ते प्रत्येक फोन उभे राहून घेतात. काल गॅसवाल्यालाही "अक्का" म्हणाले.

ता. क. ३. संयोगिताबाईंना मी 'आई' म्हणू शकणार नाही, आणि 'काकू' फार परके वाटते. 'मावशी' ही हाक मी आजवर आपल्याखेरीज कोणालाही मारलेली नाही. आपली हरकत नसेल, तर त्यांनाही मारू का?