व्याहीबुवा, आपण आधी मारा

चि. चिमीस,

बापाचे पोतंभर आशीर्वाद. (जावईबापूंच्या वाट्याचे मी तूर्त राखून ठेवले आहेत. का, ते पुढे कळेलच.) तुमची दोघांची तब्येत बरी असेल, वेळेवर जेवत असाल, असं धरून चालतो. माझी पाठ दुखते, पण ती दुकानात बसूनही दुखायची, त्यामुळे ती तक्रार नव्हे. तुझ्या आईची तब्येत उत्तम आहे आणि आवाज त्याहून उत्तम आहे. तुझ्या सासऱ्यांचा नवा गुडघा आमच्याकडे राहून छान बसला. आता त्यांच्या अख्ख्या शरीरात तोच एक भाग समजूतदार आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं विचारशील. फोन घेऊन मी घरात कुठेही उभा राहिलो, अगदी मोरीत, तरी तुझ्या सासऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू जातो. गुडघा बदलला, कान मूळचेच आहेत. आणि तू आईला विचारलंस ते काही खुसपुसत सांगण्यासारखं नाही. म्हणे, सासरे अचानक म्हणतात, शनिवारी गाडी घेऊन या, मला माझ्या घरी सोडा. तिथे तिसऱ्या मजल्यावर एकटे काय करणार आहेत. आपले बाबा त्यांना काही बोलले का? अगं, बोललो असतो तर प्रश्नच मिटला असता. सगळा घोळ न बोलण्यामुळे झाला. आता मी कोणाचीही बाजू न घेता घडलं ते सांगतो. (माझी बाजू बरोबर आहे, ती घ्यावी लागतच नाही.)

मुळात आग लावली ती तुझ्या नवऱ्याने. वडील गुडघ्यामुळे बसून कंटाळतील म्हणून आमच्या टीव्हीला ते खेळाचं यंत्र जोडून, दोघांच्या हातात दोन रिमोटसारखे ठोकळे देऊन तो निघून गेला. खेळ असा आहे की एक राज्य बुडालंय, राजा पळालाय, राणीचा दगड झालाय आणि हे निस्तरायला दोन शूर माणसं हवी आहेत. ती आम्ही. सुरुवातीला ज्याने त्याने आपला माणूस निवडायचा असतो. मी ढालवाला घेतला. तुझ्या सासऱ्यांचा चष्मा तेव्हा आतल्या खोलीत होता. त्यांनी अंदाजाने बटण दाबलं आणि हिरव्या केसांची, कमरेला दोन कट्यारी लावलेली एक विशीतली पोरगी निवडली. चष्मा आल्यावर त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि जारी झालेलं समन्स मागे घेता येत नाही अशा चेहऱ्याने म्हणाले, असू द्या. तेव्हापासून मी त्या पोरीला अहो-जाहो करतो आहे.

आता आमच्या दोघांच्या खेळण्याच्या तऱ्हा सांगतो. मी जन्मभर लोकांची कुलपं उघडली, हे तुला सांगायला नको. त्या राज्यात पावलापावलावर कुलूपबंद पेट्या ठेवल्या आहेत. बंद पेटी समोर असताना पुढे जाणं माझ्या हाताला जमतच नाही. (ज्याने ही कुलपं चितारली त्याने आयुष्यात एक कुलूप उघडलेलं नाही, हेही जाता जाता सांगतो.) पेटीत काय असतं? कधी फाटका मोजा, कधी वाकलेला चमचा, कधी जखम भरून काढणारं लाल औषध. मी सगळं घेतो. टाकून कसं देणार? उद्या लागलं तर? परिणामी माझा ढालवाला इतका लादला गेला की त्याला पळता येईना, नवसाचं मूल कडेवर घेतल्यासारखा चालायचा. आणि लाल औषध मी कधी प्यालो नाही. ते अडीअडचणीला ठेवलेलं. तुझी आई मागे टेबलाशी बसून विणकाम करते आणि मधूनच बोलते. एवढी वर्षं दवाखान्यात सिस्टर होती, तिला राहवत नाही. म्हणाली, पेशंट गेल्यावर औषध शिल्लक उरलं तर त्याला बचत म्हणत नाहीत. मी लक्ष दिलं नाही.

तुझ्या सासऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांची सगळी नोकरी कोर्टात बेलिफ म्हणून गेली. लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावायचं आणि पोच घ्यायची. त्यामुळे समोर राक्षस आला तरी ते आधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात, त्याला बघू देतात आणि मगच कट्यार काढतात. पाठीमागून वार करा, असं खेळच ओरडून सांगत असतो, पण पूर्वसूचना न देता कारवाई त्यांच्या रक्तात नाही. शिवाय गावात शिरलं की प्रत्येकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. विहिरीपाशी एक म्हातारी असते, ती रोज तेच सांगते, तिच्या मुलाला कोल्ह्याने नेलं म्हणून. हे रोज ऐकतात. मी एकदा अदबीने विचारलं तर म्हणाले, साक्षीत काही फरक पडतो का ते बघतोय.

अशी ही जोडी एका पुलापाशी येऊन अडली. पुलावर एक पंखवाला, आग ओकणारा, वाड्याएवढा प्राणी बसलेला असतो. तुझी आई त्याला घोरपड म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. घोरपडीने आम्हाला किती वेळा भाजलं ते विचारू नकोस. कारण साधं होतं. मी म्हणायचो, व्याहीबुवा, आपण आधी मारा. ते म्हणायचे, छे छे, तो मान आपला. मी म्हणायचो, आपण वडीलधारे. तोवर दोघांचाही कोळसा. बरं, घोरपड तोंड उघडते तेव्हा समोरच्याला सांगायला हवं की पळा. पण मुलीचा बाप मुलाच्या बापाला ‘पळा’ म्हणेल का? मी आपलं म्हणायचो, आपल्याला सोयीचं असेल तर किंचित मागे सरकावं असं मला वाटतं. वाक्याचं क्रियापद येईपर्यंत हिरवे केस पेटलेले असायचे. ते मला कधी काही बोलले नाहीत, मी त्यांना कधी काही बोललो नाही. मनात मात्र दोघंही धुमसत होतो.

मग मला फोनवर खेळाडूंचा कट्टा सापडला. जगभरचे रिकामटेकडे तिथे याच खेळावर रात्रंदिवस मतं देत बसलेले असतात आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. मी ‘जुनी किल्ली’ असं नाव घेऊन घोरपडीबद्दल विचारलं. एकाने सांगितलं, ढाल फेकून दे, ढाल भित्रे वापरतात. दुसऱ्याने सांगितलं, ढालीशिवाय जाणारा मूर्ख. तिसरा म्हणाला, अंगावरचं चिलखत-बिलखत सगळं उतरव आणि नुसत्या चड्डीवर लढ, वजन कमी झालं की झटपट लोळता येतं. (व्याह्यांसमोर?) चौथ्याने पहिल्या तिघांची अक्कल काढली आणि माझा प्रश्न तसाच राहिला. तिथे एकच सज्जन माणूस भेटला. त्याचं नाव ‘पुढची तारीख’. शुद्ध लिहिणारा, मुद्देसूद. मी त्याला मन मोकळं केलं. लिहिलं की माझा जोडीदार एक हट्टी म्हातारा आहे, शत्रूच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो आणि नात्याचा असल्यामुळे मला त्याला सांगताही येत नाही. त्याने उत्तर दिलं की अशा माणसाला एकदा वाचवू नका, भाजू द्या, म्हणजे शिकेल. मग त्याने त्याचं दुःख सांगितलं. त्याचा जोडीदार म्हणे भंगार गोळा करणारा एक लोभी गृहस्थ होता. पेटी दिसली की त्याला जग दिसत नसे, औषध असून स्वतः पीत नसे, दुसऱ्याला देत नसे. वाचून मला त्या बिचाऱ्याची इतकी कीव आली! मी बाणेदारपणे कळवलं की असल्या भंगारवाल्याला पेटीपाशीच सोडा आणि खुशाल पुढे चालू लागा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुलावर गेलो. तुझे सासरे मला पेटीपाशी सोडून खुशाल पुढे चालू लागले. मला आश्चर्य वाटलं, पण त्याहून आनंद झाला, कारण ते घोरपडीसमोर उभे राहिले तेव्हा मीही त्यांना न वाचवता भाजू दिलं. त्यानंतर घोरपड निवांत माझ्याकडे आली आणि मी झोळीत लाल औषधाचं दुकान घेऊन मेलो. दोघांनीही फोन उचलले. मी लिहिलं, तुमचा सल्ला लाखमोलाचा, म्हातारा भाजला. पाठवलं, तर शेजारी त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, लिहिलं, माझा फोन वाजला. त्यात होतं, इकडेही भंगारवाल्याची खोड जिरली. मी हसून पुन्हा लिहायला घेतलं. तेव्हा तुझ्या आईने सुया खाली ठेवल्या आणि शांतपणे सांगितलं, “अहो, तुम्ही दोघं एकमेकांनाच लिहिताय. आठवडा झाला, मी बघतेय.”

चिमे, आम्ही एकमेकांच्या फोनमध्ये डोकावलो. त्यांच्यात ‘जुनी किल्ली’, माझ्यात ‘पुढची तारीख’. (आठवडाभर गप्प का बसलीस, असं मी तुझ्या आईला नंतर विचारलं. म्हणाली, टीव्हीवर दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.) तुझे सासरे उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी तुला तो फोन केला. मग दोन दिवस आमच्या घरात जी सभ्यता नांदली, तिने जीव नकोसा झाला. आपण वर्तमानपत्र आधी घ्या. नको, आपण घ्या. शेवटी ते कोणीच वाचलं नाही. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली. मी किल्ल्या घासत बसलो. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. लोभी म्हणाले त्याचं नाही. एवढं मनमोकळं बोलायला माणूस मिळाला होता आणि तो मीच घालवला, त्याचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने दोघांच्या हातात ठोकळे आणून आदळले आणि सांगितलं की एकदा ती घोरपड मारा नाहीतर चहा मिळणार नाही. बसलो. पूल आला. तुझे सासरे सवयीने समोर जाऊन उभे राहिले, घोरपडीने तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, खांबासारखे उभे काय राहता, पळा!” ते पळाले. पळता पळता ओरडले, “पेटी सोड रे गाढवा, औषध पी!” रे! गाढवा! तुझ्या लग्नापासून या माणसाने मला ‘आपण’शिवाय हाक मारली नव्हती. मी पेटी सोडली. मोजे, चमचे, सगळं पुलावरून खाली टाकलं, लाल औषध घटाघटा प्यालो आणि पहिल्यांदाच धावलो. पुढचा अर्धा तास आम्ही एकमेकांची जी लक्तरं काढली ती लिहिण्याजोगी नाहीत. शेजारीण विचारायला आली. घोरपड मेली. तुझ्या सासऱ्यांनी नव्या गुडघ्यावर उडी मारली. (डॉक्टरांना सांगू नकोस.)

हे सगळं असं आहे. यात कोणाचा दोष ते तू ठरव. बॅग अजून दाराशीच आहे. त्यांनी शनिवार म्हणून सांगितलंय आणि ठरलेली तारीख ते स्वतःहून बदलत नाहीत. मी मुलीचा बाप, ‘राहा’ म्हणालो तर त्यांना वाटेल की तोंडदेखलं म्हणतोय. तरी शनिवारी अवश्य या आणि त्यांना घेऊन जा. माझी काहीही हरकत नाही. आतली खोली मोकळी होईल, मला किल्ल्यांचं यंत्र तिथे हलवता येईल.

तुझा,
बाबा

ता. क. किल्ल्यांचं यंत्र दारातून आत जात नाही. आत्ताच मोजून बघितलं.

ता. क. २ पूल ओलांडल्यावर नकाशा उघडला. आम्ही आजवर पाहिलं ते म्हणजे उंबरठा होता. कट्ट्यावर विचारलं तर सगळे हसले. घोरपड म्हणे नवशिक्यांसाठी ठेवलेली असते. खऱ्या घोरपडी पुढे आहेत आणि त्या एकट्याच्याने मरत नाहीत.

ता. क. ३ शनिवारी येऊ नका. गाडी बिघडली म्हण, पाहुणे आले म्हण, काहीही म्हण, पण मी सांगितलं असं म्हणू नकोस. त्यांना तारीख बदलून हवी असेल तर ती तूच बदलू शकतेस.

सूनबाई, हे पुढचं अक्षर माझं. तुमच्या वडिलांनी पाकीट चिकटवून टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. चिकटलं नव्हतं, म्हणून वाचलं. (चिकटलेलं असतं तरी वाचलं असतं.) वरील मजकूर बहुतांशी खरा आहे. फक्त घोरपडीवरचा शेवटचा वार माझा होता, हे त्यांनी मुद्दाम वगळलं आहे, त्याची नोंद घ्यावी. मी गुडघ्यासाठी आलो होतो, तो बरा झाला, म्हणजे निघायला हवं असं मीच धरून चाललो होतो. शनिवारी गाडी बिघडू द्या. तुमच्या सासूबाई गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नव्हतं.