शिनाणे मोजायची चौकट

अण्णा, आज नांदेडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीनं खुंटीवरची लोखंडी चौकट हातात घेतली आणि विचारलं, मॅडम, ही कुणी केली? माझ्या वडिलांनी, असं मी सांगून टाकलं. इतकं सोपं होतं ते. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी म्हणूनच लिहायला बसले.

मुदखेडचं आपलं वेल्डिंगचं दुकान आठवतं. मी संशोधनासाठी कोकणात निघालेय आणि तुम्ही विचारताय, समुद्राच्या बंधाऱ्याला चिकटलेले ते शिनाणे, म्हणजे शिंपलेच, दर महिन्याला कशाला मोजायचे? “पळून थोडंच जातेत?” मी सांगते, भिंतीवर जागा थोडी, लाटा जुन्यांना उपटून नेतात, पिल्लं येऊन मोकळी जागा धरतात, ठरावीक मापाची चौकट टेकवून आतले मोजले की वस्ती वाढतेय की घटतेय ते कळतं. “म्हंजे प्लॉटिंगच की,” म्हणालात आणि तसेच सळई कापायला बसलात. पंचवीस सेंटिमीटरची चौकट, खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून वर ऑइलपेंटचे तीन हात. एसटीत माझ्या पिशवीला त्याच रंगाचा वास येत होता. इतकी देखणी वस्तू मला पुन्हा कुणी दिली नाही.

दीड वर्षानं माझ्या मार्गदर्शक सरांनी ती मापली. आतून तेवीसच भरली. तुम्ही जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या केल्या. जाळी बाहेरून मापतात, तशीच ही मापलीत. आणि मी एवढी शिकलेली, एकदाही पट्टी लावली नव्हती. पुढे सगळे आकडे नव्यानं मांडून काम वाचलं. पण त्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “कुठल्या अडाण्यानं केली ही?”

संध्याकाळी नेमका तुमचा फोन आला. “चौकट बरोबर हाय ना गं?” हाव अण्णा, एकदम बरोबर, म्हणाले मी. तुम्ही ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंत म्हणे. या खोट्याची गोष्ट मीही पुष्कळांना सांगितलीय, बापाचं मन राखलं म्हणून कौतुक करून घेतलंय.

हे पत्र वहीतच राहील. त्या दिवशी सरांना काय उत्तर दिलं, ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. बाजारातून विकत आणली, म्हणाले होते.