संक्रांतीचा मुहूर्त

३ डिसेंबर १९९४, शनिवार. फरीदाबाद

पानिपतला जाऊन आले. एकटी! घरी सांगितलं, कंपनीचं काम आहे. निम्मं खरं होतं — आमच्या कंपनीला सूत पुरवणाऱ्या गुलाटींकडेच गेले होते. पण कंपनीसाठी नाही.

त्यांनी नवी शेड दाखवली. आठ हातमाग, वर कोरे पत्रे, भिंतींना अजून ओल. म्हणाले, "खड्डियाँ मेरी, डिज़ाइन आपके, नाम दोनों का." खड्डी म्हणजे त्यांच्याकडे हातमाग.

नाव दोघांचं! इतकी वर्षं मी सतरंज्यांची डिझाइनं काढतेय. त्या जर्मनीत कोणाकोणाच्या दिवाणखान्यात पडल्यात, आणि मागच्या चिठ्ठीवर नाव खन्नासाहेबांच्या कंपनीचं. मला ही शेड हवी आहे. किती दिवसांनी मला काहीतरी हवंसं वाटलंय.

मुहूर्त १४ जानेवारीचा. गुलाटी म्हणाले, "खरमास उतरेगा, संक्रांत का दिन, इससे शुभ क्या!" खरमास म्हणजे त्यांचा अशुभ महिना, तो संक्रांतीला संपतो. मी मान डोलावली. संक्रांत आणि पानिपत — मराठी माणसासमोर हे दोन शब्द एका दमात कोणी उच्चारतं का? पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

६ डिसेंबर

श्रीरंगला सगळं सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तू बघ. बिल्कुल तुझ्यावर आहे." नवरा नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं!

११ डिसेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळात गेलो होतो. दरवर्षीप्रमाणे चौदा जानेवारीला काला अंबला बस जाणार — पानिपतात पडलेल्यांना फुलं वाहायला. बसची जबाबदारी अर्थातच सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे. निवृत्त झाल्यापासून त्यांचं तेच ऑफिस.

बाबा तिकडे बससाठी नावं लिहून घेत होते, आणि मी इकडे अलकनंदाताईंजवळ सहज बोलून गेले, की पानिपतला काहीतरी सुरू करायचा विचार आहे. त्या केवढ्याने हसल्या! "अगं, पानिपतला जाऊन आपल्यापैकी कोणी जिंकलंय का? आणि तेही संक्रांतीला?" बाजूच्या दोघी-तिघीही हसल्या. मीही हसले.



१५ डिसेंबर

धुकं. कंपनीची बस उशिरा. दिवसभर एकाच निळ्याच्या तीन छटा काढल्या, खन्नासाहेबांनी तिन्ही नापास केल्या. जाता जाता म्हणाले, "देविका जी, अगले साल आपको सीनियर बनाते हैं." हे ते दरवर्षी म्हणतात. पण आज ऐकून चक्क बरं वाटलं! पुढच्या वर्षी मी इथंच असेन, म्हणून बरं वाटलं. लाज वाटते लिहायला.

१८ डिसेंबर, रविवार

गुलाटींचा फोन. राजीनामा दिला का? मी काय बोलले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाच नाकारता येणार नाही — "ससुर जी नहीं मान रहे. हम लोग पानीपत में, संक्रांत के दिन, कोई काम शुरू नहीं करते."

ससुर जी समोर बाल्कनीत ऊन खात पेपर वाचत होते. कान जरा मंद, त्यामुळे ऐकू जायची भीती नव्हती. त्यांना मी शेडमधला 'श'सुद्धा सांगितलेला नाही!

गुलाटी म्हणाले, "बड़ों की बात है जी," आणि फोन ठेवला. खोटं बोलल्यावर माणसाला वाईट वाटावं ना? मला हलकं वाटलं. दुपारी चक्क झोप लागली.

२१ डिसेंबर

फोन नाही. सुटले. मग दर वेळी घंटी वाजली की मीच का धावतेय?

२५ डिसेंबर, रविवार

जेवताना अवनीने विचारलं, "आई, धास्ती म्हणजे क्या?" शाळेत नाही, आजोबांच्या बोलण्यात ऐकलं म्हणे. मी म्हटलं, डर. "तो फिर डरच म्हणा ना, यार!" बाबा म्हणाले, "डर येतो आणि जातो. धास्ती घर करून राहते." मी आमटी वाढायला उठले.

खरं म्हणजे संक्रांतीबिंक्रांतीचं मला काही नाही. आठही माग चालू झाले आणि माझ्या डिझाइनकडे कोणी ढुंकून बघितलं नाही तर? आत्ता नापास होतं ते कंपनीचं असतं. तिथे मी नापास होईन. एवढंच आहे सगळं. आणि ते रोज पोटात घेऊन फिरायचा कंटाळा आलाय.

१ जानेवारी १९९५, रविवार

काय दिवस उगवला!

अकरा वाजता बेल. दारात गुलाटी — हातात मिठाईचा डबा आणि लोणच्याची बरणी. सरळ आत आले, बाबांच्या पाया पडले. म्हणाले, "बाबूजी, आपने मना किया है, बिल्कुल ठीक किया होगा. पर एक बार मेरी भी सुन लीजिए." आणि शेड, माग, मुहूर्त, सगळं सांगत सुटले. मोठ्या आवाजात, त्यामुळे बाबांना एकूण एक शब्द ऐकू गेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. मग गुलाटींना म्हणाले, "हाँ जी, मना किया था. हम लोगों में मानते हैं. लेकिन सवा दो सौ साल हो गए. आज से मेरी तरफ़ से हाँ है."

गुलाटी इतके खूश झाले, की चार वेळा पाया पडले.

ते गेल्यावर बाबा रागावतील म्हणून मी उभीच. ते लोणच्याची बरणी उघडायच्या नादात. एवढंच म्हणाले, "सूनबाई, माझं नाव आणखी कुठं वापरायचं असेल तर आधी सांगत जा. पाठांतर करून ठेवीन."

हसावं की रडावं! मला वाचवलंही त्यांनीच, आणि लपायची जागाही काढून घेतली त्यांनीच.

४ जानेवारी

राजीनामा पर्समध्ये. पर्स दिवसभर खुर्चीला टांगलेली. तशीच घरी आणली.

६ जानेवारी

दिला. धैर्य वगैरे काही नाही. घाबरून घाबरून दमले होते, म्हणून दिला. खन्नासाहेबांनी वाचलाही नीट नाही. "जाइए, जाइए. गर्मियों तक लौट आएँगी." मी म्हटलं, "शायद."

१३ जानेवारी

तिळगूळ झाला. संक्रांत म्हणून काळी साडी काढली होती, परत ठेवली — गुलाटींच्या मुहूर्ताला काळं चालायचं नाही. पिवळीला इस्त्री केली. उद्या मंडळाच्या बसमधूनच जायचं, बाबा मला शेडपाशी सोडून पुढे काला अंबला जातील. अलकनंदाताई असणारच बसमध्ये. असू दे.

दुपारपासून दोनदा वाटलं, ताप आलाय. थर्मामीटर लावला. नाही.

१४ जानेवारी, शनिवार. पानिपत

मुहूर्ताची वेळ झाली आणि गुलाटी कुठे दिसेनात. शोधत शेडच्या मागे गेले, तर भिंतीला हात टेकून ओकत होते. मला बघून तोंड पुसलं. "किसी से कहना मत, देविका जी. मेरा हर नए काम में यही होता है. हमेशा से." त्यांना पाणी दिलं, बाकड्यावर बसवलं, आणि आत जाऊन नारळ मी फोडला.