लिंकेमागचा शब्द

३ मार्च २०१९

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. शिवणवर्गाला यंदा बावीस मुली आहेत. पैकी कात्री धरता येणाऱ्या चार. तू गुडघ्याला पट्टा लाव, टाळाटाळ नको.

काम असं. माझ्या वेबसाइटवर ठकीच्या दुकानाची लिंक आहे, ती काढ. काल वर्गात येऊन साऱ्या मुलींसमोर बाईसाहेबांनी जाहीर केलं की आता तयार कोट विकणार, अंगाचं माप न घेता. तीस वर्षं मी एकच शिकवलं, आधी माप, मग कात्री. पोटची मुलगी असली तरी अशा कामाला माझी शिफारस नाही.

लगेच कर.

ताई


९ मार्च २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

पट्टा लावला, आता ओरडू नकोस.

लिंक काढायला हात धजेना. मामा आहे मी तिचा. मधला मार्ग काढलाय. लिंक दिसेल, दाबली की ठकीचं दुकान उघडेल. फक्त लिंकेच्या मागे, कोडमध्ये, एक शब्द घातलाय. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, सर्च इंजिनला दिसतो. अर्थ एवढाच, की या पत्त्याची हमी मी देत नाही, माझ्या भरवशावर पुढे जाऊ नका. चारचौघांत शोभा होणार नाही, तुझंही म्हणणं राहील. ठकीला पत्ताच लागणार नाही. राग उतरला की कळव, तो शब्द काढून टाकतो.

लोभ ठेव, निदान माझ्यावर तरी.

धाकटा


२० नोव्हेंबर २०२१

ती. आईस सा. न.

दुकान बंद केलं. परवा साइटही बंद होईल. कारखान्यात लागले आहे, दिवसभर कॉलर शिवते. तू म्हणालीस तेच खरं झालं, निम्मे कोट परत आले.

मामाला वाटलं मला कळणार नाही. अगं, माझी साइट मीच बांधली होती. अडीच वर्षं दर रविवारी तुझं पान उघडून त्याच्या मागचा मजकूर वाचायचे. शब्द तिथेच असायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्या आईंच्या साइटवरून आलो, त्यांनीच नाव दिलंय ना? मी हो म्हणायचे.

दुकान त्या शब्दाने बुडालं नाही, एका लिंकेत तेवढा जोर नसतो. पण लिंक सरळ काढली असतीस, तर येऊन भांडले तरी असते. यावर कशी भांडू?

तब्येतीला जप. उत्तराची वाट पाहणार नाही.

ठकी


२५ नोव्हेंबर २०२१

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. धाकट्याला फोन करून शब्द काढायला लावला. मिनिटभराचं काम होतं.

राग दोन महिन्यांतच उतरला होता. आधी तू बोलशील म्हणून बसून राहिले. माझं चुकलं. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, म्हणून कागद असा झालाय.

मग तुझी लिंक दाबली. पान सापडत नाही, असं आलं. पुन्हा दाबली. धाकटा म्हणतो, मेलेली लिंक ठेवू नये, सर्च इंजिनला चालत नाही. मी म्हटलं, हात लावलास तर याद राख.

तर आता माझी पुरती हमी आहे, आणि पलीकडे कोणी नाही.

लोभ होताच गं. दाखवला नाही.

आई